जोसेर राजाचा ओटा

इजिप्तहून परत आल्यापासून केजच्या बाजारात भेटेल तो मला एकच विचारतो, "बाई, तिथं खायचं काय केलंत?" पिरॅमिडचं कुणी विचारत नाही. म्हणून खाण्याचं आधी सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं त्यांना पुढचं वाचायचा त्रास नको. तिथं कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची फुगीर रोटी मिळते. घेवड्याच्या दाण्यापेक्षा मोठ्या दाण्याची घोटलेली उसळ मिळते, तिला फूल म्हणतात. वर जिरं, तेल आणि लिंबू. एक हिरवी पालेभाजी मिळते, ती भेंडीसारखी तारेतारेनं वर येते. चहा बिनदुधाचा आणि साखर आपल्यापेक्षा जास्त. तिखट कशातच नाही. तिखट मी घरून नेलं होतं.

आता बाकीचं.

नांदूरघाट

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला. आमच्या वस्तीत शिकून नोकरीला लागलेली मी पहिली बाई, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नाही. त्या काळातली मी आज रस्त्यात भेटले तर ओळख दाखवणार नाही. डोळ्यांना काही झालेलं नसताना ती बाई गॉगल लावायची. पर्स बाळगायची, आणि पर्समध्ये एक रुमाल आणि दुसरा रुमाल. फळ्यावर पट्टीनं त्रिकोण काढायची, त्याखाली 'पिरॅमिड' लिहायची आणि पोरांना सांगायची, "हे असं असतं." जणू कालच्या एस.टी.नं जाऊन आली.

नांदूरघाटात आम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा दारं यायच्या आधी तिनं नावाची पाटी करून आणली. वर नाव, त्याखाली बी.ए., त्याखाली डी.एड. दारं पावसाळा उलटल्यावर आली. तोवर गावातली कुत्री त्या पदव्यांखालून आत-बाहेर करत होती. गुरुजी, म्हणजे माझे मालक, तेही मास्तरच, त्यामुळं सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि मीही, ते पाटीकडं बघून एवढंच म्हणाले, "कुत्र्यांना वाचता येत नाही म्हणून बरं, नाहीतर बिचकली असती."

हे सांगायचं कारण, आमचा मिलिंद कुणावर गेलाय ते कळावं. तो गुरुजींवर गेलेला नाही.

मिलिंद गुत्तेदार आहे. शाळाखोल्या, नाल्या, समाजमंदिरं अशी कामं घेतो. गेल्या वर्षी गुरुजी गेले. त्यांच्या सांगण्यावरून रक्षा कुठल्या नदीत सोडली नाही, शेताच्या बांधावर त्यांनीच लावलेल्या कडुलिंबाच्या बुडाशी पुरली. त्या कडुलिंबाखाली शेतात कामाला आलेल्या बाया दुपारची भाकरी खातात. निवृत्त झाल्यावर गुरुजीही त्यांच्यातच फडकं सोडून बसायचे. मिलिंद म्हणाला, "आई, तिथं दादांचा एक ओटा बांधू." मी म्हटलं, बांध.

महिन्याभरानं ओट्यावर खोली आली. कागदावर. मग खोलीला चार खांब आले. मग खांबांवर घुमट आला आणि आत गुरुजींचा बसलेला पुतळा. शेवटचा नकाशा त्यानं मला मोबाइलवर दाखवला, तेव्हा पुतळे दोन होते.

"ही कोण?"

"तू."

"मी आहे अजून."

"ते हायच की. पर एकदाच काम उरकतंय. मूर्तिकार काय सारखा सारखा येतोय का?"

यात माझं तसं काही म्हणणं नव्हतं. बसायला सांगितलं तर मी कुठंही बसते. पण घुमटाला कडुलिंब आडवा येत होता. "झाड काढावं लागंल," मिलिंद म्हणाला, "दुसरी धा लावू." करवतीचं मशीन घेऊन फिरणारा एक बंडू आहे, त्याला त्यानं सांगूनही ठेवलं होतं.

मी भांडले, दोन दिवस जेवले नाही (चोरून खाल्लं), नातेवाईक बोलावले. नातेवाइकांना घुमट आवडला. शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या नातीला, मिलिंदच्या मुलीला, प्रज्ञाला फोन केला. ती पोरगी माझ्यावर गेलीय, पण गॉगल खऱ्या उन्हात लावते. तिनं बापाला सांगितलं, "पप्पा, एवढं मोठं स्मारक बांधताय तर जगातलं पहिलं बघून तरी या. आज्जीला घेऊन जा." मिलिंदनं ते तात्काळ मान्य केलं. आपल्याकडं कामाच्या आधी अभ्यासदौरा काढायची पद्धत आहे.

माझा डाव असा, की एवढा मोठा डोंगर आणि आत राजा नाही हे डोळ्यांनी पाहिलं, की पोरगं वरमेल आणि ओट्यावर येईल. आयुष्यभर इतिहास शिकवून मला अजून वाटत होतं की लोक इतिहासापासून काही शिकतात.

कैरो

विमानाचं लिहीत नाही. बसलो, उतरलो. विमानतळावर एका साहेबानं माझ्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी उघडली, वास घेतला आणि शिंकला. त्यानं दुसऱ्या साहेबाला बोलावलं. तोही शिंकला. मग दोघांनी डब्याचं झाकण नीट लावून डबा दोन्ही हातांनी परत दिला.

आम्हाला न्यायला नादिया आली होती. ही आमची वाटाडी. तिशीची, डोक्याला निळा रुमाल, हिंदी बोलणारी. हिंदी ती मालिका पाहून आणि पाहुण्यांकडून शिकली. आमची हिंदी ऐकून मात्र ती कोड्यात पडली. "तुम्ही 'नक्को' का म्हणता? मालिकेत असं म्हणत नाहीत." मी म्हटलं, मालिकेवाले बीडला आले नाहीत. (तिचं बोलणं मी इथं मराठीत लिहितेय.) उलट तिथली अरबी मला मध्येच कळायची. दुकान, कुर्सी, साबण, हिसाब, वकील. निजाम जाताना आमच्याकडं जे शब्द विसरून गेला, ते इथं आपापल्या घरी सुखानं नांदत होते.

गाडी शहरातून निघाली तशी मिलिंदनं खिडकीची काच खाली केली. दोन्ही बाजूंना लाल विटांच्या बिनगिलाव्याच्या इमारती आणि प्रत्येकीच्या गच्चीवर उभ्या सळ्या. पुढचा मजला काढायचा म्हणून ठेवलेल्या.

"आई," तो म्हणाला, "हे तर केज हाय."

"हो."

"आपुन फुकट आलोत."

"थांब की. कैरो म्हणजे इजिप्त नव्हे."

नादियानं सांगितलं, घरातल्या एका पोराचं लग्न ठरलं की एक मजला चढतो, दुसरं पोर मोठं होईतो सळ्या तशाच राहतात. मिलिंदला हे इतकं पटलं की त्यानं सळ्यांचे फोटो काढले. पिरॅमिडच्या गावी येऊन सळ्यांचे फोटो काढणारा पाहुणा नादियाला पहिल्यांदाच भेटला असावा. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या तिनं आरसा तिरका करून त्याच्याकडं बघून घेतलं.

सक्कारा

सगळे गिझाला जातात. तिथले पिरॅमिड माझ्या फळ्यावरच्या त्रिकोणासारखे गुळगुळीत बाजूंचे आहेत, तेव्हा त्या बाबतीत त्या गॉगलवाल्या बाईचं चुकलं नव्हतं. पण ती कधी पोरांना सांगू शकली नाही, की पहिला पिरॅमिड असा नव्हताच. पहिला सक्कारा नावाच्या गावाजवळ आहे, जोसेर नावाच्या राजाचा, आणि तो पायऱ्यापायऱ्यांचा आहे.

वाटेत खजुराची झाडं, पाटाचं पाणी, म्हशी, आणि आपण जनावरांना घालतो तोच बरसीम घास. पाऊस जवळपास नाहीच. आपल्याकडं पाऊस असतो म्हणतात आणि पाणी नसतं. इथं पाऊस नाही आणि पाट तुडुंब. मी नादियाला विचारलं, पाण्यावरून इथं भांडणं होतात का? ती म्हणाली, रोज. मला जरा बरं वाटलं.

मग हिरवं एकदम संपतं. बांधाला बांध लागावा तशी वाळू सुरू होते. एक पाय घासात, दुसरा वाळवंटात ठेवता येतो. आणि समोर तो. एका मोठ्या ओट्यावर लहान ओटा, त्यावर आणखी लहान, असे सहा. खालून बघताना मला खळ्यावर रचत आणलेली कडब्याची गंज आठवली. रचणारा वर चढलाय, खालून पेंड्या फेकणारे थकलेत, आणि तो वरून म्हणतोय, "आणा अजून."

आता माझी चूक. मे महिना होता. आम्ही मास्तर माणसं, फिरायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत ही हाडात मुरलेली सवय. निवृत्त झाल्यावरही जात नाही. सकाळी नादिया म्हणाली होती, टोपी घ्या, ऊन फार आहे, आणि मी तिला ऐकवलं होतं, की बीड जिल्ह्याच्या बाईला ऊन सांगू नये. त्यानंतर आम्ही त्या तटबंदीच्या दारात आलो. आत दगडी खांबांची लांब वाट, सावली, गार फरशी. समोर एका माणसाची समाधी. मी चप्पल काढली.

हे काही ठरवून केलं नाही. समाधी म्हटल्यावर पाय आपोआप चपलेतून बाहेर येतात. आईनं काढली म्हणून मिलिंदनंही बूट काढले, मोजे तेवढे ठेवले. आमच्या मागून येणाऱ्या एका परदेशी जोडप्यानं आमच्याकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि आपलेही बूट काढले. नादिया पुढं बोलत चालली होती, तिला पत्ता नव्हता.

खांब दगडाचे, पण बोरूच्या मोळीसारखे कोरलेले. छतही दगडाचं, पण खजुराचे ओंडके घातल्यासारखं दिसणारं. नादिया म्हणाली, याआधी सगळं मातीचं, लाकडाचं, गवताचं असायचं. दगडात एवढं मोठं बांधायची ही पहिलीच वेळ. दगडाचं कसं दिसावं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी गवताची नक्कल केली. तिथं एक दार आहे, तेही दगडाचं, कायमचं उघडं राहील असं कोरलेलं. मिलिंदनं त्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "फिनिशिंग लई भारी."

मग वाट संपली आणि उघडी वाळू लागली.

मी दोन पावलं टाकली. पुढं काय झालं ते तव्यावर हात ठेवलेल्यांना सांगायला नको. पण सकाळचं माझं वाक्य सगळ्यांच्या लक्षात होतं, त्यामुळं आता बोलायची सोय नव्हती. मी शांतपणे चालत राहिले. मिलिंद मोज्यांवर चालत होता आणि त्याचा चेहरा फार गंभीर होत चालला होता. नादियाला वाटलं, माणसं भारावलीत. ती थांबून सावकाश सांगू लागली.

"आधीच्या राजांना विटांच्या सपाट बांधकामाखाली पुरायचे. जोसेरचंही तसंच ठरलं होतं, फक्त दगडात. एक सपाट, बसकं बांधकाम. ते झालं. मग ते बाजूंनी वाढवलं. मग आणखी वाढवलं. मग त्यावर मजले चढवून चार केले. मग तेही रुंद करून सहा केले."

मिलिंद पाय विसरला. "म्हंजे मूळ नकाशात हे नव्हतं?"

"नाही."

"काम चालू असताना वाढीव काम काढलं?"

"हो."

"कुणी अडवलं न्हाई?"

"राजाचं काम होतं."

मिलिंद माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "ऐक आई. यांचंबी ओट्यावरनंच सुरू झालतं."

"आणि करणारा कोण होता?" त्यानं नादियाला विचारलं.

"इम्होतेप. राजाचा प्रधान, त्यानंच हे उभं केलं असं मानतात. नंतरच्या लोकांनी त्याला देव मानला."

"गुत्तेदाराला देव केला!" मिलिंद म्हणाला. आपल्याकडं गुत्तेदार फार तर पुढारी होतो.

मी त्या सहा ओट्यांकडं बघत होते. राजा लवकर गेला असता तर पहिल्या ओट्यावर भागलं असतं. तो जगत राहिला आणि बांधणारे चढवत राहिले. माझी तब्येत चांगली आहे. मला काळजी वाटायला लागली.

पण अजून एक गोष्ट हातात होती. मी विचारलं, "आत राजा आहे का?"

"नाही," नादिया म्हणाली. "चोरांनी केव्हाच रिकामं केलं. खालच्या खोलीत नुसता एक पाय सापडला होता. तो राजाचा असेल असं आधी वाटलं. आता म्हणतात, तो पुष्कळ नंतरच्या कुणाचा तरी."

"ऐकलंस?" मी म्हटलं. "एवढ्या डोंगराखाली एक पाय. आणि तोही दुसऱ्याचा."

"चोऱ्या तर होत्यातच, आई. आपुन ग्रील बसवू."

डाव गेला. मी उजवी बाजू राजाकडं ठेवून पलीकडं चालायला लागले, कारण उभं राहिलं की जास्त भाजत होतं. नादिया म्हणाली, दुसऱ्या अंगानं जवळ पडतं. मी म्हटलं, आमच्यात असंच जातात. हे खरं होतं, पण त्या दिवशी फार महागात पडलं.

मागच्या बाजूला, पिरॅमिडला टेकून, एक लहानशी दगडी कोठडी आहे. दार नाही, खिडकी नाही. समोरच्या दगडात डोळ्यांच्या उंचीवर दोन गोल भोकं. नादिया म्हणाली, "बघा."

मी डोळे लावले. आत राजा बसला होता. म्हणजे त्याचा पुतळा; खरा कैरोच्या संग्रहालयात आहे, हा त्याची नक्कल. मांडीवर एक हात, एक छातीशी, आणि तोंड बरोबर माझ्याकडं. ही भोकं आपण आत बघावं म्हणून नाहीत. त्यानं बाहेर बघावं म्हणून आहेत. तो असा साडेचार हजार वर्षांहून जास्त काळ बघत बसलाय. डोळ्यांत बसवलेले खडे कुणीतरी कोरून नेले, तरी बसलाय.

"मिलिंद, तू बघ."

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"काय दिसतंय?"

"बसलाय."

"बोलतोय कुणाशी?"

"येकटाच हाय."

"मला असंच बसवणार आहेस ना?"

त्यानं भोकातून डोळे काढले नाहीत. "तुज्या शेजारी दादा असतील की," तो म्हणाला. पण हळू म्हणाला.

दाराशी परत आलो तेव्हा मिलिंदचे बूट होते, माझी एक चप्पल होती. दुसरी घेऊन एक पिवळं कुत्रं पडक्या भिंतीच्या सावलीत बसलं होतं. ती खात नव्हतं, नुसती पुढ्यात ठेवून बसलं होतं. पहारेकऱ्यानं हाकललं तर चप्पल तोंडात धरून एक पायरी वर गेलं. मी म्हटलं, राहू द्या. कुत्र्यांचं आणि माझं जुनं आहे.

तेव्हा नादियाचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं.

ड्रायव्हरच्या आत्याचं दार

गाडीचा ड्रायव्हर त्याच गावाकडचा निघाला. त्यानं आम्हाला खजुरीच्या रांगेमागं त्याच्या आत्याच्या घरी नेलं. घर विटांचं, बिनगिलाव्याचं, वर सळ्या. आत्या माझ्याच वयाची, काळा झगा, हातात लसूण. तिचं नाव उम्म सय्यद, म्हणजे सय्यदची आई. मीही गावात निम्म्या लोकांना मिलिंदची आई म्हणूनच ठाऊक आहे, तेव्हा ओळख करून द्यायला वेळ लागला नाही.

तिनं माझे पाय पाहिले, काहीतरी बोलली आणि आत गेली. "ती म्हणते, उन्हात अनवाणी कोण फिरतं?" नादियानं सांगितलं. मी म्हटलं, सांग, शिकलेली बाई आहे.

दाराबाहेर भिंतीला लागून मातीचा लांब ओटा होता, सारवल्यासारखा गुळगुळीत. तिथं मला बसवलं आणि पाय पाण्याच्या घमेल्यात ठेवले. काही वेळानं मला आयुष्यात पहिल्यांदा पिरॅमिडांबद्दल आदर वाटू लागला.

"हा मस्तबा," नादिया ओट्यावर हात ठेवून म्हणाली. "दारातलं बसायचं. राजांच्या जुन्या सपाट समाध्यांनाही आम्ही मस्तबाच म्हणतो. वाळूत खणणाऱ्या गावकऱ्यांना त्या आपल्या दारातल्या ओट्यासारख्या दिसल्या, म्हणून."

मी मिलिंदकडं पाहिलं नाही. मी घमेल्यात पाहिलं.

चहा आला. उम्म सय्यदनं विचारलं, मालक कुठं असतात? मी म्हटलं, गेले. तिनं हात छातीला लावला. कुठं ठेवलं? शेतात, झाडाखाली. तिनं मान हलवली, म्हणजे हे बरं केलं. मग मी म्हटलं, "माझा मुलगा तिथं स्मारक बांधतोय. दाखव रे यांना."

मिलिंदला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यानं मोबाइल काढून खांब दाखवले, घुमट दाखवला, पायऱ्या दाखवल्या. उम्म सय्यदनं मोबाइल लांब धरून पाहिला. गुरुजींच्या पुतळ्यावर बोट ठेवलं. नादियानं सांगितलं, हेच मालक. मग बोट शेजारी सरकलं.

"ही कोण?"

नादियानं माझ्याकडं बघून सांगितलं.

उम्म सय्यदनं चित्र पाहिलं. मला पाहिलं. मग हात पुढं करून माझा दंड चिमटीत धरला, जरा जोरातच. मी ओरडले. तिची खात्री पटली. तिनं गल्लीत तोंड करून हाक मारली, आणि एकीमागून एक बाया आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोर. मोबाइल हातोहात फिरला, आणि प्रत्येकीनं चित्र बघून झाल्यावर मला चिमटा काढला. मग त्या सगळ्या ओट्यावर बसल्या आणि हसल्या. मीही हसले. हसताना कळलं, की आपल्याला एकमेकींची भाषा येत नाही आणि काही अडत नाही.

मिलिंद समोर उभा होता, बूट घातलेले, मोज्यांत वाळू. उम्म सय्यदनं त्याच्याकडं पाहिलं आणि ओट्यावर थाप मारून बायांना काहीतरी म्हणाली. सगळ्या जणी बसल्या बसल्या थोड्या थोड्या सरकल्या आणि तिच्या न् माझ्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली. तो अवघडून बसला. तिनं त्याला चहा दिला आणि चित्रावर बोट ठेवून विचारलं. नादियानं सांगितलं:

"ती विचारतेय, आलेली माणसं बसणार कुठं?"

"बसायचं न्हाई," मिलिंद म्हणाला. "चप्पल बाहेर काढायची, आत यायचं, हात जोडायचे."

"आणि मग?"

"मग जायचं."

नादियानं ते अरबीत सांगितलं. उम्म सय्यद त्याच्याकडं बघत राहिली, म्हणजे अजून काही सांगायचं राहिलं असेल तर सांग.

तेवढ्यात मिलिंदचा फोन वाजला. फोन गावाकडचा, पण घरचा नंबर नव्हता, म्हणून घाबरून त्यानं मलाही ऐकू यावं असा आवाज मोठ्यावर टाकला. करवतवाला बंडू.

"सायेब, आमी आलोत शेतात. मशीन आणलंय."

"तुला आमी आल्यावर ये म्हनलं होतं ना बे?"

"तिकडलं काम लवकर उरकलं. म्हनलं, जाता जाता हेबी पाडून टाकू. पर झाडाखाली बाया जेवाया बसल्यात, उठंनात. कावून उठंनात ते इचारा तुमीच."

मागून एका बाईचा आवाज आला. आमच्या शांताबाईचा, धसकटं वेचायला येते, तो आवाज कैरोतही ओळखता येतो. "मालकाला म्हनावं, आदी गुरुजीला इचारा!"

दुसरी म्हणाली, "गुरुजी उठा म्हनले की उठतोत!" आणि सगळ्या हसल्या. तिकडच्या बाया हसल्या म्हणून ओट्यावरच्याही हसल्या. कशाला, ते त्यांना माहीत नव्हतं.

मिलिंद हसला नाही. माझे पाय पाण्यात होते आणि मी ते हलवले नाहीत. हा काय बोलतो यावर तो कडुलिंब उभा होता, आणि तो माझ्यापासून समुद्रापलीकडं होता. नादियाला कळलं नव्हतं, पण तिनंही चहाचा पेला खाली ठेवला.

"जेवू दे त्यन्ला," मिलिंद म्हणाला.

"बरं. जेवन झाल्यावर बुडातनं धरू का वरच्या फांद्या आदी?"

मिलिंदनं ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. पीठ लागलेले हात, पोर, लसूण, घमेलं, मी.

"बंडू, तूबी बस त्यांच्यात. जेव. आन् जा."

"म्हंजी? झाड?"

"झाड ऱ्हाऊ दे."

"कावून सायेब?"

"बसाया लागतंय, बे," मिलिंद म्हणाला आणि फोन ठेवला.

मी नादियाला हिंदीत सांगितलं आणि उम्म सय्यदनं तिच्याकडून सगळं काढून घेतलं. मग तिनं न विचारता मिलिंदच्या पेल्यात दुसऱ्यांदा चहा ओतला आणि त्यात साखर घातली. आधी होती, तरी घातली. निघताना तिनं मला आपल्या सपाता दिल्या. मी तिला शेंगदाण्याची चटणी दिली. ती शिंकली नाही.

पुन्हा नांदूरघाट

पावसाच्या आत ओटा झाला. गुडघ्याच्या वर, मांडीच्या खाली, बाईमाणसाला चढायला त्रास होऊ नये एवढा. मधोमध कडुलिंब, भोवती आळं मोकळं सोडलेलं. गुरुजींच्या पहिल्या पुण्यस्मरणाला तिथंच वंदना झाली, खीर झाली आणि आलेली माणसं बसली. कुणीतरी विचारलं, घुमट कधी? मिलिंद म्हणाला, "पहिल्यांदा ओट्यावरनंच सुरू होतंय सगळं." मी ते ऐकून ठेवलं.

मूर्तिकारानं तोवर माझं डोकं करून ठेवलं होतं. ते आता मिलिंदच्या गोदामात सिमेंटच्या पोत्यांशेजारी आहे. माझ्या तरुणपणच्या फोटोवरून केल्यामुळं ते माझ्यासारखं दिसत नाही. मान ताठ, अंबाडा मोठा, आणि चेहऱ्यावर असा भाव की तिनं पिरॅमिड पाहिलाय. मी अधूनमधून जाऊन तिला भेटते. आमचं जमत नाही.

आणि ओट्याच्या चारही कोपऱ्यांत सळ्या आहेत. हातभर वर आलेल्या. "त्या कशाला?" मी विचारलं. "आसू दे आई, उद्याचं काय सांगता येतंय," मिलिंद म्हणाला. माणूस गुत्तेदार आहे. सळी कापायला त्याचा हात होत नाही. बायांनी त्या सळ्या वाकवून घेतल्या आणि आता त्यांना भाकरीची फडकी टांगतात, म्हणजे मुंग्या लागत नाहीत.

पण सळी ती सळीच. जोसेर जिवंत होता तोवर मजले चढत गेले. इथं उलटं आहे; मी आहे तोवर चढणार नाहीत. म्हणून मी बी.पी.ची गोळी वेळेवर घेते आणि रोज दुपारी उम्म सय्यदच्या सपाता घालून बांधावर जाते, ओट्याच्या बरोबर मध्ये, बुंध्याला टेकून बसते. परवा मी अशीच ऐसपैस बसले होते. शांताबाई आली, तिनं फडकं सळीला अडकवलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आज्जी, सगळा ओटा तुमचाच हाय का? सरका की वाईच."

मी सरकले. त्या राजाला एवढ्या हजार वर्षांत कुणी सरक म्हणालेलं नाही.